काकाचे पाच हजार डॉलर

कराराचा कायदा शिकण्याच्या दोन अगदी उलट्या तऱ्हा जगात जवळजवळ एकाच वेळी पक्क्या झाल्या. १८७१ साली हार्वर्डच्या क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल या प्राध्यापकाने निव्वळ जुन्या निवाड्यांचं एक पुस्तक छापलं आणि विद्यार्थ्यांना सांगितलं, यातून करार शिका. पुढच्याच वर्षी, १८७२ साली, इंग्रज सरकारने भारतासाठी २६६ कलमांचा करार अधिनियम केला. दोन्हीकडे मूळ माल एकच होता, इंग्लंडच्या न्यायालयांनी शतकानुशतकं दिलेले निकाल. आपल्याकडे त्यांचा अर्क काढून कलमांत भरला; तिकडे विद्यार्थ्यापुढे निकालच ठेवले आणि अर्क काढायचं काम त्याच्यावर सोडलं.

मी आपल्याकडच्या, कलमांच्या तऱ्हेत वाढले. सोलापूरला दिवसा कोर्ट आणि संध्याकाळी कायद्याच्या कॉलेजात शिकवणं, असा माझा रिवाज होता. शिकवणं म्हणजे बेअर अॅक्ट, नुसत्या कलमांचं पुस्तक, उघडायचा आणि कलम २ पासून निघायचं. प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला, मग कलम १०, कलम २३, आणि परीक्षा तोंडावर आली की नुकसानभरपाईचं कलम ७३. वर्गात बँकेतले कारकून, तलाठी, गिरणीच्या ऑफिसातली माणसं. दिवसभर राबून आलेल्या या मंडळींना कलमाखालची ‘अ’ आणि ‘ब’ची उदाहरणं फार आवडत, कारण ती दोन ओळींत संपत. माझी भाची न्यू जर्सीत कायदा शिकायला लागली तेव्हा तिची पहिली तक्रार अशी होती, “आत्या, इथे बेअर अॅक्टच नाही गं! नुसती लोकांची भांडणं वाचायला देतात, आणि वर्गात मास्तर उत्तर काही सांगत नाही, उलट आपल्यालाच प्रश्न विचारतो.” तिचं जाडजूड पुस्तक पुढे माझ्याकडे आलं. निवृत्तीनंतर मी ते पहिल्या पानापासून वाचलं, आणि ही तऱ्हा पाडणाऱ्या मूळ ‘मास्तर’ची, लँगडेलची, गोष्टही शोधली.

लँगडेलच्या आधी अमेरिकेत वकील बहुधा वकिलाच्या कचेरीत घडायचा. दस्तांच्या नकला करायच्या, ब्लॅकस्टोनचे ग्रंथ वाचायचे, मग परवाना. अब्राहम लिंकन तर स्वतःच्या स्वतःच वाचून वकील झाले. जिथे कायद्याच्या शाळा होत्या तिथे प्राध्यापक नियम सांगत आणि मुलं ते उतरवून घेत. म्हणजे आमच्या संध्याकाळच्या वर्गासारखंच. १८७० साली हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी लँगडेलला कायदाशाळेचा प्रमुख नेमलं. एलियट मूळचे रसायनशास्त्रज्ञ, आणि लँगडेलचा हट्ट असा की कायदा हेही शास्त्रच आहे; रसायनवाल्यांना प्रयोगशाळा, तसं वकिलांना ग्रंथालय.

त्याच्या वर्गातला पहिला खटला होता १७८९ सालचा, पेन विरुद्ध केव्ह. लिलावात दारू गाळण्याच्या सामानावर एकाने ४० पौंडांची बोली लावली आणि हातोडा पडायच्या आत मागे घेतली. तो बांधला गेला का? नाही, बोली हा प्रस्ताव, हातोडा ही स्वीकृती. आमच्या वर्गात हे एका वाक्यात आटोपलं असतं. लँगडेलने मात्र एका विद्यार्थ्याला उभं करून आधी वस्तुस्थिती सांगायला लावली, मग फिर्यादीची बाजू, मग प्रतिवादीची, मग त्याचं स्वतःचं मत आणि त्याचं कारण. फी भरून आलेल्या मुलांना हे मुळीच रुचलं नाही. बरीचशी वर्गाला यायची बंद झाली, थोडी टिकून राहिली. त्या थोड्यांतला जेम्स बार एम्स पुढे तिथेच शिकवू लागला. विसावं शतक उजाडून थोडी वर्षं होतात तोवर देशातल्या बहुतेक शाळांनी हीच पद्धत उचलली होती.

अमेरिकेतही कलमांचा पक्ष होता, आणि तो दुबळा नव्हता. न्यूयॉर्कचे वकील डेव्हिड डडली फील्ड यांनी १८६५ साली दिवाणी संहितेचा मसुदा पुरा केला. सगळा कायदा कलमांत लिहून काढावा, म्हणजे सामान्य माणसालाही तो वाचता येईल, असं त्यांचं म्हणणं. जेम्स कार्टर यांच्यासारख्या नामांकित वकिलांनी त्याविरुद्ध रान उठवलं, आणि न्यूयॉर्कने ती संहिता कधीच स्वीकारली नाही. कॅलिफोर्नियाने मात्र १८७२ साली स्वीकारली. आणि त्याच वर्षी फील्डच्या मसुद्यातला एक तुकडा आपल्याकडेही येऊन पोचला. भारतीय करार अधिनियमाचं कलम २७, कुणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द, हे त्या न्यूयॉर्कच्या कागदावरून घेतलेलं आहे. इंग्लंडात अशा बंधनाचा विचार ते वाजवी आहे का, या अंगाने होई. फील्डच्या मसुद्यात ती सवलत नव्हती, म्हणून आपल्याकडेही नाही. इंग्रज कायदेपंडित सर फ्रेडरिक पोलॉक यांनी या कलमावर नापसंती नोंदवून ठेवली आहे.

नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही, असं अभियंत्याकडून लिहून घेतलं तरी पुण्यात ते टिकत नाही आणि सॅन होजेतही टिकत नाही, त्याचं मूळ इथे आहे. नोकरीची मुदत चालू असताना घातलेलं बंधन वेगळं. कल्याणच्या टायरकॉर्ड कारखान्यातला गोलिकारी खटला १९६७ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा पाच वर्षांच्या करारातल्या उरलेल्या मुदतीपुरतं ते बंधन ग्राह्य धरलं गेलं. नोकरी संपल्यावर मात्र माणूस मोकळा. सिलिकॉन व्हॅलीच्या भरभराटीचं थोडं श्रेय अभ्यासक या मोकळेपणाला देतात. माझ्या वर्गात कलम २७ दहा मिनिटांत संपायचं, कारण त्यावर हमखास प्रश्न येत नसे.

म्हणजे न्यूयॉर्कने कलमं नाकारली आणि भांडणं ठेवली. त्यांतलंच एक भांडण आज अमेरिकेतल्या कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना हमखास भेटतं.

२० मार्च १८६९. स्टोरी कुटुंबात आजी-आजोबांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव होता. पाहुण्यांसमक्ष काकाने पुतण्याला शब्द दिला, एकवीस वर्षांचा होईपर्यंत दारू पिऊ नकोस, तंबाखूला शिवू नकोस, शिव्या देऊ नकोस, पैसे लावून पत्ते किंवा बिलियर्ड खेळू नकोस. मी तुला ५,००० डॉलर देईन. काका-पुतण्याचं नाव एकच, विल्यम स्टोरी. पुतण्याने अट पाळली. १८७५ साली एकवीस पुरी झाल्यावर त्याने काकाला तसं लिहून कळवलं. काकाचं उत्तर आलं, ते मोठं वाचनीय आहे: पैसे तुझे आहेत, बँकेत आहेत, पण तू ते सांभाळण्याजोगा होईपर्यंत व्याजासह माझ्याकडेच राहू देत, मी माझे पैसे किती कष्टाने मिळवले आणि तुला ते किती सोप्याने मिळाले, याची जाणीव ठेव. घराघरांतले काका असंच लिहितात. पुतण्या कबूल झाला. १८८७ च्या जानेवारीत काका वारला, पैसे न देताच.

तोपर्यंत पुतण्याने तो हक्क दुसऱ्याच्या नावे केला होता आणि तो फिरत फिरत लुईझा हॅमर यांच्याकडे आला होता. इस्टेटीचा व्यवस्थापक सिडवे म्हणाला, हा करारच नव्हे. काकाला यातून काय मिळालं? आणि पुतण्याचं काय गेलं? दारू-तंबाखू सोडून त्याचं भलंच झालं! खालच्या न्यायालयाने हॅमरबाईंच्या बाजूने निकाल दिला, मधल्या अपिलात तो फिरला, आणि १८९१ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो पुन्हा हॅमरबाईंच्या पदरात टाकला. न्यायमूर्ती ऑल्टन पार्कर यांनी लिहिलं त्याचा आशय असा की फायदा कुणाचा झाला हे न्यायालय मोजत बसत नाही. या गोष्टी करण्याचा पुतण्याला कायद्याने हक्क होता, काकाच्या शब्दावर विसंबून त्याने त्या हक्काला मुरड घातली, तोच मोबदला. (हेच पार्कर १९०४ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहून थिओडोर रूझवेल्टकडून हरले.)

आमच्या कलम २ (ड) मध्ये ‘केले किंवा करण्याचे टाळले’ असे शब्द आहेत. म्हणजे हा सगळा खटला आमच्याकडे दोन शब्दांत मिटलेला. पण सिडवेच्या वकिलाची बाजू मांडायला कुणी उभं केलं असतं, तरच मला समजलं असतं की ते दोन शब्द लिहिताना कोणता वाद बंद केला गेला. भाचीला वर्गात नेमकी सिडवेचीच बाजू मिळाली होती. तिने काकाचं पत्रच पुराव्यात फिरवलं: पैसे बक्षीस होते, नाहीतर काकाने ते स्वतःकडे ठेवून घेण्याची अट कशी घातली असती? असा मुद्दा माझ्या वर्गातल्या एखाद्या तलाठ्याला सहज सुचला असता. मी त्याला कधी विचारलंच नाही.

दुसरं भांडण व्हर्जिनियाचं. डिसेंबर १९५२ मधली शनिवारची रात्र, मॅकेनी नावाच्या गावातलं हॉटेल. मालक झेमर आणि त्याचा जुना ओळखीचा लूसी व्हिस्की पीत बसलेले. लूसी बऱ्याच वर्षांपासून झेमरच्या फर्ग्युसन फार्मवर डोळा ठेवून होता; एकदा २०,००० डॉलर देऊ केले होते. त्या रात्री बोलता बोलता आकडा ५०,००० वर गेला. झेमरने गिऱ्हाइकाच्या बिलाच्या पाठीवर लिहिलं की फार्म लूसीला विकायचं कबूल आहे, बायकोचीही सही घेतली. ती तयार नव्हती. त्याने तिला हळूच सांगितलं, गंमत चालली आहे. लूसीने व्यवहार पक्का करायला पाच डॉलर पुढे केले, ते झेमरने घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी लूसीने भावाकडून निम्म्या पैशांची सोय केली, आणि मग वकिलाकडे मालकीहक्क तपासायला दिला. झेमर म्हणाला, अहो, आम्ही दोघंही प्यालेलो होतो, मी थट्टा करत होतो.

१९५४ साली व्हर्जिनियाच्या न्यायालयाने फार्म लूसीला दिलं. झेमरच्या मनात काय होतं हे न्यायालय पाहत नाही. त्याचे शब्द आणि वागणं समोरच्या शहाण्या माणसाला काय सांगत होतं, ते पाहतं. चाळीसेक मिनिटं चर्चा झाली, आधी ‘मी’ असं लिहिलेला कागद फाडून ‘आम्ही’ असा दुसरा लिहिला, बायकोची सही घेतली. थट्टेत इतकी कलाकुसर कोण करतो? शिवाय जमिनीचा करार लेखीच हवा, या १६७७ सालच्या इंग्रजी कायद्यातून आलेल्या नियमालाही ते बिल पुरलं. आपल्याकडे खरेदीखत नोंदवावं लागतं, पण विक्रीचा नुसता करार तोंडीही होऊ शकतो; सिद्ध करताना मात्र घाम फुटतो. इसारपावतीच्या दाव्यांत निम्मी उलटतपासणी ‘सही कुठे केली, कुणी कुणासमोर केली, तेव्हा चहा कुणी मागवला’ यावर जाते. लूसी-झेमरचा निवाडा वाचताना मला ती उलटतपासणी ऐकू येत होती, आणि त्या बिलाची जागा आमच्याकडचा साधा वहीचा कागद घेई.

नुकसानभरपाईचा धडा न्यू हॅम्पशायरचा एक हात शिकवतो. डॉक्टर मॅगी यांनी हॉकिन्स नावाच्या तरुणाला भाजलेला हात शंभर टक्के चांगला करून देण्याची हमी दिली. छातीची कातडी तळव्याला लावली, तर तळव्यावर केस उगवले. १९२९ साली न्यायालयाने भरपाईचं माप सांगितलं: वचन दिलेला हात आणि मिळालेला हात यांतला फरक. आधीचा आणि नंतरचा हात यांतला फरक नव्हे, आणि यातना किती झाल्या हेही नव्हे. कलम ७३ च्या गाभ्याशी याचं नातं आहे, पण कलमाचे शब्द या हातापुढे अगदीच फिके वाटतात.

इथवरचे तिन्ही खटले सौद्याचे. तू हे कर, मी ते देईन. अमेरिकन कायदा दीर्घकाळ एवढंच मानत होता. नुसत्या शब्दाला किंमत नाही, सौद्याला आहे. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८८१ च्या ‘द कॉमन लॉ’मध्ये ही मांडणी घट्ट केली. पण माणसं सौदा न करताही शब्दावर विसंबतात. नेब्रास्कात १८९१ साली रिकेट्स नावाचा आजोबा नातीकडे गेला आणि तिला २,००० डॉलरची वचनचिठ्ठी लिहून दिली: माझ्या दुसऱ्या कुठल्याही नातवंडाला नोकरी करावी लागत नाही, तूही करू नकोस. ती एका दुकानात हिशेबनीस होती. तिने नोकरी सोडली. सोडच, अशी अट आजोबाने घातली नव्हती, म्हणून सौदा नव्हता. आजोबा गेल्यावर इस्टेटीने हात वर केले. १८९८ साली न्यायालयाने सांगितलं, तुमच्या शब्दावर तिने पाऊल टाकलं, आता शब्द फिरवता येणार नाही.

असे निकाल साचत गेले. अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटने निकालांचं सार काढायचं ठरवलं तेव्हा मसुदा हार्वर्डचे सॅम्युअल विलिस्टन यांच्याकडे होता, आणि सौद्याचीच व्याख्या पुरेशी नाही असं सांगणारे येलचे आर्थर कॉर्बिन त्यांच्याबरोबर होते. १९३२ च्या त्या सारसंग्रहात, ‘रिस्टेटमेंट’मध्ये, कलम ७५ सौद्याचं आणि कलम ९० विसंबण्याचं, अशी दोन्ही आली. त्याआधीच्या एका बैठकीत विलिस्टन यांनी उदाहरण दिलं: काकाने पुतण्याला गाडी घ्यायला १,००० डॉलर द्यायचं वचन दिलं. एकाने विचारलं, पुतण्याने गाडी ५०० ला घेतली तर? विलिस्टन म्हणाले, काका १,००० देणं लागतो. तो वाद अजून मिटलेला नाही. आपल्याकडे हावडा टाऊन हॉलच्या वर्गणीच्या खटल्यात १८८६ सालीच कलकत्ता उच्च न्यायालयाने १०० रुपये कबूल करणाऱ्याला ते द्यायला लावले होते, कारण त्याच्या शब्दावर बांधकामाचं काम काढलं गेलं होतं. ते न्यायाधीशांनी कलम २ (ड) च्या चौकटीत बसवलं.

मग प्रश्न उरतो, सौदाही आहे, सहीही आहे, आणि तरी अन्याय आहे. वॉशिंग्टनमधल्या एका फर्निचरच्या दुकानाचा छापील करार असा होता की हप्त्याने घेतलेल्या सगळ्या वस्तूंवर प्रत्येक हप्ता थोडा थोडा वाटला जाई, म्हणजे शेवटची पै फिटेपर्यंत एकही वस्तू गिऱ्हाइकाची होत नसे. एका बाईंनी १९५७ पासून १,८०० डॉलरचं सामान घेतलं, १,४०० च्या वर फेडलं. १९६२ मध्ये ५१४.९५ डॉलरचा स्टिरिओ घेतला, हप्ता चुकला, आणि दुकान सगळंच न्यायला आलं. त्यांना सरकारकडून महिन्याला २१८ डॉलर मिळतात, हे दुकानाला ठाऊक होतं. १९६५ साली न्यायमूर्ती स्केली राइट यांनी खालच्या न्यायालयाला सांगितलं, करार होताना पक्षांपैकी एकाला निवड होती का, आणि अटी दुसऱ्याच्या बाजूला बेसुमार झुकल्या आहेत का, ते पाहा. कार्ल लूएलिन यांनी घडवलेल्या व्यापारी संहितेत हे तत्त्व तेव्हा आलेलंच होतं.

म्हणजे निवाड्यांच्या देशाला अखेर कलमं लागली. ती व्यापारी संहिता पेनसिल्व्हेनियाने १९५३ मध्ये सर्वांत आधी घेतली, मग एकेका राज्याने. त्यातला विक्रीचा भाग एकट्या लुइझियानाने आजवर घेतलेला नाही. आणि कलमांच्या देशाला न्यायाधीश लागले. १९८६ च्या ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, नोटीस देऊन कुठल्याही कायम कर्मचाऱ्याला काढता येईल ही नोकरीची अट दुबळ्या पक्षावर लादलेली म्हणून कलम २३ खाली रद्द केली. दोन्ही पद्धती एकमेकींकडे निम्मी वाट चालून आल्या. पण शिकताना पडलेला फरक तसाच आहे. कलम पाठ केलेल्या माणसाला उत्तर लवकर मिळतं. भांडण वाचलेल्याला दोन्ही बाजू दिसतात, आणि पक्षकार दारात येतो तो कधीच ‘अ’ किंवा ‘ब’ नसतो.

अमेरिकन करार शिकायचा असेल, तर मी भाचीला सांगितलं तेच इथे सांगते. निवाड्याचा शेवटचा परिच्छेद हाताने झाका. वस्तुस्थिती वाचा, तारखा आणि रकमा वहीत उतरवा. मग आधी हरणाऱ्याची बाजू लिहा, ती अशी की वाचणाऱ्याला वाटावं, हाच जिंकायला हवा. त्यानंतर निकाल उघडा. आणि ज्यांना सोलापुरात, लातुरात किंवा नाशकात कलमंच शिकायची आहेत त्यांनी हेच उलट दिशेने करावं: प्रत्येक कलमाखाली आपल्या ओळखीतलं एक खरं भांडण लिहून ठेवावं. इसारपावतीची, वर्गणीची, काकाने कबूल केलेल्या पैशांची भांडणं कुठल्याच तालुक्यात कमी नाहीत.